तारण एकदा मिळालं की हरवू शकतं का?

१९४६ साली, महायुद्धाच्या जखमा ओल्या असताना, बिली ग्रॅहम आणि चार्ल्स टेम्पलटन हे दोन तरुण उपदेशक युरोपच्या दौऱ्यावर गेले. दोघं मित्र होते. टेम्पलटनच्या सभांनाही माणसांची रीघ लागे आणि वक्ता म्हणून तोच सरस आहे, असं तेव्हा अनेकांना वाटे. ग्रॅहम शेवटपर्यंत सुवार्ता सांगत राहिले. टेम्पलटनने मात्र १९५७ मध्ये जाहीर करून टाकलं की आपण आता अज्ञेयवादी आहोत, ख्रिस्ती विश्वास आपल्याकडे उरलेला नाही. पुढे त्याने पत्रकारितेत आणि राजकारणात नाव काढलं.

त्याचं प्रवचन ऐकून विश्वासात आलेल्या माणसांनी ही बातमी कशी पचवली असेल? त्याचं 'तारण' झालंच नव्हतं का? झालं होतं आणि गेलं? की तो काहीही म्हणो, ते अजून शाबूत आहे? एखादा नामवंत उपदेशक किंवा गायक विश्वास सोडतो तेव्हा दरवेळी हाच प्रश्न वर येतो, आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेल्या माणसांनाही उत्तर देताना चाचपडायला होतं. त्यामागे खरी दुःखं असतात. कुणाचा मुलगा दूर गेलेला असतो, तर कुणी स्वतःच रात्र रात्र घाबरून जागत असतो. म्हणून पायापासून सुरुवात करू.

आधी 'तारण' म्हणजे काय ते

कर्जासाठी ठेवतात ते तारण वेगळं. इथला शब्द 'तारणे' या क्रियापदावरून आला आहे: बुडणाऱ्याला वाचवणं, पैलतीरी नेणं. 'तारू' म्हणजे नाव, तेही त्याच घरातलं. ख्रिस्ती शिकवणीनुसार माणूस पापामुळे देवापासून तुटलेला आहे, स्वतःच्या बळावर तो परतू शकत नाही, आणि येशूच्या मरणाने व पुनरुत्थानाने देवाने त्याला परत आणलं आहे. या वाचवण्याला तारण म्हणतात. ते कमवावं लागत नाही, फुकट मिळतं. या फुकट देण्याला नाव आहे 'कृपा'.

नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग, तारणाबद्दल तिन्ही काळांत बोलतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. इफिसकरांच्या पत्रात (२:८) तारण 'झालेलं' आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात (१:१८) ते 'होत' आहे. रोमकरांच्या पत्रात (५:९) ते 'होणार' आहे. पुरातून ओढून नावेत घेतलेला माणूस वाचलेला असतो, वाचत असतो आणि किनाऱ्याला लागल्यावर वाचणार असतो. तिन्ही वाक्यं त्याच्या बाबतीत खरी आहेत. 'तारण हरवतं का' हा प्रश्न गुंतागुंतीचा होतो तो इथेच. आपण तारणाचा विचार खिशातल्या पाकिटासारखा करतो, की आहे किंवा पडलं. पण इथे चित्र प्रवासाचं आहे, आणि त्याहूनही एका नात्याचं. नातं वस्तूसारखं हरवत नाही. ते तुटू शकतं का, एवढंच विचारता येतं.

विश्वास ही किंमत नव्हे

'विश्वासाने तारण होतं' हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की विश्वास म्हणजे देवाला द्यायचं भाडंच वाटू लागतं. जास्त विश्वास भरला की तारण पक्कं, कमी पडला की रद्द. ही समजूत चुकीची आहे, आणि तिने पुष्कळ माणसांना छळलं आहे.

शस्त्रक्रिया करून घ्यायला निघालेल्या माणसाचा विचार करा. डॉक्टर कोण आहे हे त्याला माहीत असतं. शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही हे पटलेलं असतं. तरीही टेबलावर जाऊन आडवं व्हावंच लागतं. माहिती, मान्यता आणि स्वाधीन होणं असे विश्वासाचे तीन पदर जुन्या धर्मशास्त्रज्ञांनी सांगितले आहेत. पहिल्या दोनांवर भागत नाही. देव एकच आहे हे भुतांनाही मान्य आहे आणि ती थरथर कापतात, असं याकोब (२:१९) स्पष्टच सांगतो. तिसरा पदर हा खरा.

मात्र टेबलावर आडवं झालेला माणूस स्वतः काहीच करत नसतो. बरं करतो तो डॉक्टर. कुणी हसत हसत आत जातो, कुणी लटलट कापत. शस्त्रक्रिया दोघांची सारखीच होते. आजारी मुलाच्या बापाने येशूला म्हटलं, 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा' (मार्क ९:२४). एवढ्या तुटपुंज्या विश्वासावरही मुलगा बरा झाला.

आता विश्वासाची दुसरी बाजू. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'पिस्तिस' आहे. त्यात भरवसा आहे तशी निष्ठाही आहे. मराठीत त्यासाठी दोन शब्द लागतात, 'विश्वास' आणि 'इमान'. विश्वास टाकायचा असतो, इमान राखायचं असतं. तारण हरवतं का या वादात एक बाजू 'टाकण्या'कडे बघते आणि दुसरी 'राखण्या'कडे. मूळ शब्दात दोन्ही एकत्र नांदतात.

बायबल एकच, मग दोन सूर कसे?

या वादातली दोन्ही बाजूंची माणसं बायबल मनापासून वाचणारी आहेत. वचनंच दोन सुरांत आहेत.

एकीकडे येशू आपल्या मेंढरांविषयी म्हणतो की त्यांचा कधीही नाश होणार नाही, त्यांना माझ्या हातून कोणी हिसकावून घेणार नाही (योहान १०:२८). नव्या करारातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत तो प्रेषित पौल म्हणतो, मरण किंवा जीवन, आजचं किंवा उद्याचं, काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही (रोमकर ८:३८-३९). पवित्र आत्म्याला तो वारशाचा 'विसार' म्हणतो (इफिसकर १:१४). विसार देणारा व्यवहार पुरा करायला बांधलेला असतो, आणि इथे विसार देवाने दिला आहे.

दुसरीकडे तोच येशू म्हणतो की माझ्यात न राहणारा फाटा बाहेर टाकला जातो, वाळतो आणि जाळला जातो (योहान १५:६). नियमशास्त्राच्या आधारे नीतिमान ठरू पाहणाऱ्या गलतीकरांना पौल बजावतो की तुम्ही कृपेला अंतरला आहात (५:४). सगळ्यांत कठोर उतारा इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे (६:४-६): ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले आणि मग पतित झाले, त्यांना पश्चात्तापाकडे परत आणणं अशक्य आहे.

दोन्ही सूर अगदी लागून हवे असतील तर तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र उघडा. २:१२ मध्ये आहे, आपण त्याला नाकारलं तर तोही आपल्याला नाकारील. लगेच २:१३ मध्ये आहे, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो. लिहिणाऱ्याला यात विसंगती दिसली नाही. आपल्याला दिसते.

एका माणसाविषयी चार उत्तरं

टेम्पलटनकडे परत येऊ, कारण तत्त्वापेक्षा माणूस समोर असला की फरक लवकर कळतो.

सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्विन याच्या परंपरेतला माणूस म्हणेल की देव ज्याला खरोखर नवा जन्म देतो त्याला शेवटपर्यंत धरूनही ठेवतो. म्हणून जो कायमचा गेला तो मुळात आपला नव्हताच. आधार योहानाच्या पहिल्या पत्राचा (२:१९): ते आपल्यातून निघाले, पण आपले नव्हते. या मताला पक्कं रूप मिळालं ते नेदरलँड्समधल्या डॉर्ट इथल्या धर्मसभेत, १६१८-१९ मध्ये.

डच धर्मशास्त्रज्ञ याकोबस आर्मिनियस याच्या परंपरेतला, किंवा मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीला मानणारा म्हणेल की विश्वास खरा होता आणि तो त्याने खरोखरच सोडला. बाहेरचं कोणी हिसकावू शकत नाही हे कबूल, पण माणूस स्वतः नावेतून उडी मारू शकतो. यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आर्मिनियस वारल्यावर १६१० साली त्याच्या अनुयायांनी आपली मतं पाच कलमांत मांडली, आणि नेमक्या याच प्रश्नावर त्यांनी हात राखून ठेवला. पवित्र शास्त्राचा आणखी अभ्यास केल्याशिवाय आम्ही हे ठामपणे शिकवू शकत नाही, असं त्यांनी लिहिलं. ज्यांच्या नावावर 'तारण हरवतं' हे मत आज जमा आहे, त्यांची सुरुवात इतकी सावध होती.

प्रोटेस्टंट म्हणजे 'तारण हरवत नाही' मानणारे, असा एक समज आहे. तो अर्धवट आहे. मार्टिन लूथरच्या अनुयायांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीत, म्हणजे त्यांच्या विश्वासाच्या जाहीर मांडणीत, नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्मा गमावूच शकत नाही, हे मत सरळ नाकारलेलं आहे.

तिसरं उत्तर कॅथोलिकांचं. त्यांची शिकवण अशी की प्राणघातक पापाने कृपेची अवस्था जाते, आणि पश्चात्ताप व पापनिवेदनाने ती परत मिळते. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये असंही म्हटलं की विश्वास शाबूत असतानाही अशा पापाने कृपा जाऊ शकते. टेम्पलटनसाठी दार त्याच्या शेवटच्या श्वासापर्यंत उघडं होतं, असं कॅथोलिक माणूस म्हणेल. ऑर्थोडॉक्स परंपरा तारणाला आयुष्यभराची वाटचाल मानते, त्यामुळे 'मिळालं की हरवलं' हा हिशेबच तिथे फारसा मांडला जात नाही.

चौथं उत्तर काही अलीकडच्या प्रोटेस्टंट गटांचं आहे: त्याने एकदा मनापासून विश्वास ठेवला, प्रश्न संपला. पुढे त्याने विश्वास सोडला तरी बक्षीस हुकेल, तारण नाही.

ही उत्तरं शेजारी ठेवली की एक गोष्ट दिसते, आणि वादाच्या भरात तीच नजरेआड होते. पहिल्या तिघांचा निकाल एकच आहे. जो शेवटपर्यंत ख्रिस्ताला नाकारतो, त्याला 'तुझं सगळं ठीक आहे' असं यांतला कोणीही सांगत नाही. फरक पडतो तो घडलं काय, याच्या स्पष्टीकरणात. निकाल खरोखर वेगळा आहे तो फक्त चौथ्याचा. माझ्या मते त्याची बाजू सर्वांत लंगडी आहे. इब्री पत्रातले इशारे फक्त बक्षिसाबद्दल आहेत असं म्हणायला त्या उताऱ्यांना फार पिळावं लागतं.

भक्तिपरंपरेत एक जुना दृष्टान्त आहे. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरतं, तर मांजराच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. कोण कोणाला धरतं, हा प्रश्न ख्रिस्ती माणसांनाच पडलेला नाही. पौलाने मात्र दोन्ही चित्रं एकाच वाक्यात बसवली: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्यात काम करणारा देव आहे (फिलिप्पैकर २:१२-१३).

प्रत्येक पापागणिक तारण जातं का?

नाही. 'हरवू शकतं' म्हणणाऱ्यांचंही उत्तर नाही असंच आहे. कॅथोलिक शिकवणीतही पाप प्राणघातक ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: कृत्य गंभीर हवं, ते गंभीर आहे याची पूर्ण जाण हवी आणि ते जाणूनबुजून केलेलं हवं.

मंडळीपुढे हा प्रश्न इसवी सन २५० मध्येच येऊन ठेपला होता. रोमन सम्राट डेसियसने फर्मान काढलं की सर्वांनी देवतांना बळी वाहावा आणि तसं प्रमाणपत्र घ्यावं. इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेली अशी प्रमाणपत्रं सापडली आहेत. जिवाच्या भीतीने अनेक ख्रिस्ती लोकांनी बळी वाहिले. काहींनी बळी न वाहता लाच देऊन नुसता कागद मिळवला. छळ ओसरल्यावर हीच माणसं रडत मंडळीच्या दाराशी आली. रोममधला नोवेशियन म्हणाला, देव काय करायचं ते करील, पण यांना परत घेण्याचा अधिकार मंडळीला नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, प्रायश्चित्त करू द्या, प्रत्येकाची हकिकत ऐका, आणि घ्या. मंडळीने सिप्रियनचा मार्ग धरला. स्वतः सिप्रियन २५८ मध्ये विश्वासासाठी मारला गेला, त्यामुळे त्याची दया स्वस्तातली होती असं कोणी म्हणू शकणार नाही.

पडणं आणि सोडून जाणं यांतला फरक त्या माणसांच्या रडण्यात होता. येशूचा शिष्य पेत्र याने एका रात्रीत तीनदा येशूला नाकारलं, आणि बाहेर जाऊन तो मोठ्याने रडला. डॉर्टच्या धर्मसभेनेही दावीद आणि पेत्र यांची नावं घेऊन म्हटलं आहे की देवाची खरी माणसंही भयंकर पडतात.

'हरवत नाही' म्हटलं तर माणूस मोकाट सुटेल ना?

हा आक्षेप पौलाच्याही कानावर आला होता. कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावं काय, असं त्याने स्वतःच विचारलं आणि 'कधीच नाही' असं उत्तर दिलं (रोमकर ६:१-२). घटस्फोट होणारच नाही अशी खात्री असल्यामुळे जो जोडीदाराला छळू लागतो, त्याचं प्रेम कधी होतं का, असा प्रश्न पडतो. कॅल्विनवादी नेमकं हेच म्हणतात. बदललेलं आयुष्य ही तारणाची किंमत नाही, ते जिवंत असण्याचं लक्षण आहे. श्वासाने माणूस जन्मत नाही, पण जन्मलेला श्वास घेतो. कृत्यांवाचून विश्वास निर्जीव आहे हे याकोबाचं म्हणणं (२:२६) याच जागी बसतं.

उलट बाजूचा आक्षेपही ऐकला पाहिजे: हरवू शकतं म्हटलं तर ते टिकवणं आपल्या कष्टांवर आलं, मग कृपा कुठे राहिली? त्यावर वेस्लीच्या परंपरेचं उत्तर आहे की भेट परत करता येते म्हणून ती विकत घेतलेली ठरत नाही. हात पसरलेला ठेवणं ही मजुरी नव्हे. मला हे उत्तर पटतं. तरीही ते सांगणाऱ्या काही मंडळ्यांत माणसं दर आठवड्याला नव्याने 'तारण' घ्यायला पुढे येताना दिसतात, तेव्हा त्यांच्यापर्यंत हे उत्तर पोहोचलेलं नाही हे कळतं.

'माझंच तारण गेलं असेल तर?'

विल्यम कूपर हा अठराव्या शतकातला इंग्रज कवी. त्याची भक्तिगीतं मंडळ्या आजही गातात. १७७३ साली मनाच्या गंभीर आजारात त्याची ठाम समजूत झाली की देवाने आपल्याला कायमचं टाकलं आहे. १८०० मध्ये तो वारला, तोवर ती समजूत हटली नाही. आधी गुलामवाहू जहाजांवर कप्तान असलेला आणि मग पाळक झालेला जॉन न्यूटन हा त्याचा मित्र. न्यूटनने त्याची साथ सोडली नाही आणि कूपर देवाचाच आहे याविषयी त्याला शंका नव्हती.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. तारण असणं एक, आणि ते आहे अशी मनाला खात्री वाटणं दुसरं. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीत हे स्वच्छ लिहिलं आहे की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ही खात्री मिळायला बराच काळ लागू शकतो आणि मिळालेली खात्री डळमळूही शकते. ताप उतरला का हे रोग्याच्या भीतीवरून ठरत नाही.

मग इब्री पत्राचं ते 'अशक्य'? ते पत्र ज्यांना लिहिलं ते छळाला कंटाळून येशूला सोडून माघारी फिरायच्या बेतात होते. जो परत यायला तळमळतो आणि देव घेत नाही, असं चित्र त्या उताऱ्यात नाही. त्यातला माणूस परतायलाच तयार नाही. क्षमा नसलेल्या पापाविषयीही (मार्क ३:२९) पाळक पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आले आहेत: ते आपल्या हातून घडलं की काय या विचाराने ज्याचं काळीज धडधडतं, त्याच्या हातून ते घडलेलं नाही.

माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे. इशारे आणि वचनं ही दोन वेगळ्या दुखण्यांवरची औषधं आहेत. देवाला गृहीत धरून सुस्तावलेल्याला इशारा द्यायचा, आणि भेदरलेल्याला वचन. आपण बहुतेक वेळा अदलाबदल करतो. निर्ढावलेला माणूस 'कोणी हिसकावून घेणार नाही' पाठ करून निवांत झोपतो, आणि हळव्या मनाची मुलगी इब्री सहावा अध्याय वाचून रात्रभर रडते.

आठवणच गेली तर?

हा प्रश्न पुस्तकात क्वचित असतो, पण घराघरांत असतो. विस्मृतीच्या आजारात आई प्रार्थना विसरते, येशूचं नाव विसरते. कधी रागाच्या भरात, निरोगी असताना तोंडातून कधीच आलं नसतं असं काही बोलते. विश्वासाने तारण होतं आणि विश्वासच आठवत नाही, मग तिचं काय?

इतका वेळ एकमेकांशी न पटणारे सगळे पक्ष इथे एका बाजूला येऊन उभे राहतात. कॅथोलिक म्हणेल, जाणून केलेला नकारच नकार असतो, आणि ती जाण आजाराने नेली आहे. वेस्लीचा अनुयायी म्हणेल, उडी मारणं वेगळं आणि नावेत बेशुद्ध पडणं वेगळं. कॅल्विनवादी म्हणेल, तिची पकड सुटली तरी ज्याने तिला धरलंय त्याची सुटलेली नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावरही भूल दिल्यानंतर रोग्याला डॉक्टरचं नाव आठवत नसतं. त्याने स्वतःला ज्याच्या स्वाधीन केलं, तो तेव्हा जागा असतो.